टोकन देण्याआधी

(शाखेतल्या खातेदारांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

समोर बरेच ओळखीचे चेहरे दिसताहेत. काही काका-काकू पासबुक भरायला येतात तेव्हा भेटतात, काही जण मुलांच्या शैक्षणिक कर्जासाठी येऊन गेलेत. गेल्या वर्षभरात काउंटरवर मला सगळ्यांत जास्त विचारला गेलेला प्रश्न एफडीच्या व्याजाचा नव्हता. तो होता, "मॅडम, एक फ्लॅट बघितलाय. घेऊ का?" म्हणून आज त्यावरच बोलायचं ठरवलं.

आधी एक कबुली देते. २०१२ साली माझे बाबा खमरियाच्या फॅक्टरीतून रिटायर झाले. ग्रॅच्युइटी आणि पीएफचे पैसे हातात आले होते. क्वार्टर सोडायचं होतं. त्यांनी चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट पसंत केला. मी तेव्हा एम.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. घरात कॉमर्स शिकलेली मी एकटीच, म्हणून हिशेब माझ्याकडे. मी कागद घेऊन बसले, एफडीचं व्याज किती बुडेल, भाडं किती वाचेल, हे सगळं काढलं आणि मोठ्या ऐटीत म्हणाले, "घ्या बाबा." कर्ज काढलं नाही, सगळे पैसे बाबांचेच होते. त्यामुळे बँकेच्या वकिलाने कागद बघण्याचा प्रश्नच आला नाही. बाकी कोणीही बघितले नाहीत.

२०१९ साली आईचे गुडघे बोलायला लागले. माहितीपत्रकात छापलेली लिफ्ट कधी बसलीच नव्हती, नुसता खड्डा आहे. तिसरा मजला, ५४ पायऱ्या. आम्ही ठरवलं की हा विकून तळमजल्यावर काहीतरी बघू. गिऱ्हाईक मिळालं, भाव ठरला. त्या गिऱ्हाइकाने कर्जासाठी अर्ज केला आमच्याच बँकेत. मी तोवर नोकरीला लागले होते. फाइल शेजारच्या टेबलावर होती. आठ दिवसांनी वकिलाचा अहवाल आला: इमारतीला तीन मजल्यांची परवानगी आहे, प्रत्यक्षात चार मजले आहेत, कम्प्लीशन सर्टिफिकेट नाही, कर्ज देऊ नये. विक्रेता म्हणून बाबांचं नाव होतं. आमचा मजला परवानगीतला, रजिस्ट्री चोख, पण वरचा चौथा मजला बिल्डरने नक्शा पास नसताना चढवला आणि विकून मोकळा झाला. ठराविक मर्यादेतलं जादा बांधकाम दंड भरून नियमित करता येतं, त्याला आपल्याकडे कंपाउंडिंग म्हणतात. अख्खा मजला त्यात बसला नाही. आई-बाबा आजही तिथेच राहतात.

म्हणजे मी २०१२ मध्ये जो हिशेब केला तो आकड्यांत बरोबर होता. प्रश्नच चुकीचा होता. आमचे चार भिंतींचे पैसे किती, एवढंच मी बघितलं. फ्लॅटमध्ये आपण चार भिंती थोड्याच विकत घेतो? आपण एका सामाईक वस्तूतला हिस्सा घेतो, आणि त्या वस्तूचं जे होईल ते आपलं होतं. आज जे सांगणार आहे ते सगळं इथूनच निघतं.

पण पैशाची गोष्ट आधी, कारण तिथे लोक पहिल्या आठवड्यातच फसतात.

समजा फ्लॅट ३० लाखांचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्ज ३० लाखांपर्यंतचं असेल तर बँक किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते. म्हणजे २७ लाख. लोक घरी जाऊन सांगतात, "तीन लाख आपले, बाकी बँकेचे." इथेच चुकतं. किंमत धरताना बँकेला मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्यात मिळवता येत नाही. फक्त १० लाखांपर्यंतच्या घराला ती सवलत आहे. आणि आपल्या मध्य प्रदेशात शहरातली रजिस्ट्री साधारण साडेबारा टक्क्यांना पडते. ३० लाखांवर ३ लाख ७५ हजार. नुसती रजिस्ट्रीच तुमच्या डाउन पेमेंटपेक्षा मोठी! ज्यांची मुलं पुण्याला आहेत त्यांना हे पटत नाही, कारण तिथे मुद्रांक शुल्क साधारण सात टक्के आणि नोंदणी फी जास्तीत जास्त ३० हजार. पण आपण राहतो जबलपूरला. आणि हे शुल्क गाइडलाइन दर किंवा ठरलेली किंमत, यांतलं जे जास्त असेल त्यावर लागतं. पुण्याकडे ज्याला रेडी रेकनर म्हणतात, तेच आपलं गाइडलाइन.

काकूंसाठी एक बातमी: घर बाईच्या नावावर घेतलं तर आपल्या राज्यात नोंदणी फी तीनऐवजी एक टक्का लागते. ३० लाखांवर ६० हजार वाचतात. हे दर सरकार बदलत असतं, म्हणून रजिस्ट्रीच्या आठवड्यात संपदा पोर्टलवर किंवा उपपंजीयक कार्यालयात एकदा विचारून घ्या.

पुढे जीएसटी. इमारत बांधून चालली असेल तर जीएसटी लागतो. ४५ लाखांपर्यंत किंमत आणि आपल्यासारख्या शहरात ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट असेल तर एक टक्का, नाहीतर पाच टक्के. कम्प्लीशन सर्टिफिकेट मिळालेल्या तयार फ्लॅटला जीएसटी नाही, जुन्या फ्लॅटलाही नाही. पत्रिकेत बारीक अक्षरांत "कर वेगळा" लिहिलेलं असतं. किती वेगळा ते विचारा. आपल्या ३० लाखांच्या उदाहरणात एक टक्का धरला तरी ३० हजार. मग विजेचं मीटर आणि ट्रान्सफॉर्मरचे पैसे, मेंटेनन्सचा आगाऊ भरणा, वकील, बँकेची प्रोसेसिंग फी, पंखे, गॅसचा ओटा, खिडक्यांना जाळ्या. तीन लाखांचा आकडा घेऊन निघालेला माणूस आठ-नऊ लाखांवर येऊन थांबतो. आणि तो मग काय करतो? पर्सनल लोन काढतो किंवा बायकोच्या बांगड्या गहाण टाकतो. दोन्ही मी टेबलाच्या या बाजूने बघितलंय.

आता हप्ता. व्याज हिशेबापुरतं साडेआठ टक्के धरू. २७ लाख, २० वर्षं. हप्ता २३ हजार ४३१ रुपये. पहिल्या महिन्यात यातले १९ हजार १२५ रुपये व्याज आणि ४ हजार ३०६ रुपये मुद्दल. २० वर्षांत मिळून सुमारे ५६ लाख २३ हजार. "भाडं म्हणजे पाण्यात घातलेले पैसे" हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येतं. मग हे १९ हजार कुठे घातले? आमच्या मॅनेजरसाहेबांना हे माझ्या तोंडून ऐकायला आवडणार नाही, पण असाच फ्लॅट ९ हजारांनी भाड्याने मिळत असेल आणि तुमची बदलीची नोकरी असेल, तर भाड्याने राहणं हा काही कमीपणा नाही. उरलेले पैसे दर महिन्याला आरडीत पडले पाहिजेत, एवढीच अट. ते पडत नाहीत, हेही मला माहीत आहे. म्हणून काही लोकांसाठी हप्ता हीच बचतीची सक्ती असते, आणि तो मुद्दाही खोटा नाही.

व्यक्तीने घेतलेलं फ्लोटिंग दराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर बँक त्यावर दंड लावू शकत नाही. बोनस, एरियर, एलआयसीची पॉलिसी संपलेली, असे पैसे आले की मुद्दलात भरा. आणि कर्ज संपल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. हे बँकेतलीच मी सांगतेय म्हणून लक्षात ठेवा.

आता एक गैरसमज. "बँकेने लोन मंजूर केलं म्हणजे कागद चोख." मंडळी, बँकेचा वकील बँकेसाठी कागद बघतो. तुमचा हप्ता थकला तर हे घर विकून बँकेचे पैसे वसूल होतील का, हा त्याचा प्रश्न. लिफ्ट चालेल का, पाणी मे महिन्यात येईल का, पार्किंग कोणाचं, हे तो बघत नाही आणि त्याने बघावं अशी अपेक्षाही नाही. शिवाय भाव पडला तर आधी बुडतात तुमचे मार्जिनचे पैसे, बँकेचे नंतर. तरी बँकेच्या वकिलाचा अहवाल ही स्वस्तातली पहिली चाळणी आहे. म्हणून पूर्ण पैसे हातात असले तरी मी म्हणेन, थोडं कर्ज घ्या, निदान त्या निमित्ताने कागद कोणीतरी बघेल. नाहीतर स्वतःचा वकील करा आणि त्याची फी द्या. आमच्या घरी ती वाचवली होती.

जबलपूरला वकिलाने काय बघावं, ते थोडं वेगळं आहे. राईट टाऊन, नेपियर टाऊन, सिव्हिल लाइन्स अशा जुन्या वस्त्यांत अनेक जागा नझूलच्या किंवा नगर निगमच्या लीजवरच्या आहेत. लीज कधी संपते, नूतनीकरण झालंय का, फ्री-होल्ड झाली का, आणि लीजमध्ये फ्लॅट बांधून विकायला परवानगी आहे का, हे चार प्रश्न. मोक्याची जागा बघून माणूस भुलतो, आणि लीजची आठच वर्षं उरली आहेत हे रजिस्ट्रीच्या दिवशी कळतं. शहराबाहेर, तिलवारा, भेडाघाटकडच्या बाजूला प्रश्न उलटा: जमीन मुळात शेतीची. तिचं डायव्हर्शन झालंय का, टाऊन अँड कंट्री प्लॅनिंगने लेआउट मंजूर केलाय का? नर्मदेच्या काठाजवळ बांधकामावर निर्बंध आहेत. बाल्कनीतून मैय्या दिसते असं कोणी सांगितलं तर मी आधी अंतर विचारीन, मग भाव.

मग नगर निगमने पास केलेला नक्शा. त्याची प्रत मागा आणि मजले मोजा. हसू नका. आम्ही मोजले नव्हते.

रेराबद्दल तुम्ही ऐकलंच असेल. कायदा २०१६ चा, पूर्ण लागू झाला १ मे २०१७ पासून. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त असतील तर प्रकल्पाची नोंदणी केल्याशिवाय जाहिरातही करता येत नाही. मध्य प्रदेश रेराचं कार्यालय भोपाळला आहे, पण माहिती घरबसल्या संकेतस्थळावर दिसते. नोंदणी क्रमांक टाका आणि तीन गोष्टी बघा: नोंदणीची मुदत कधी संपते, मंजूर नक्शात मजले किती, आणि बिल्डरने बांधकामाची प्रगती शेवटची कधी भरली. क्रमांक आहे म्हणजे इमारत पूर्ण होईलच अशी हमी नाही. क्रमांक आहे म्हणजे भांडायला जागा आहे.

या कायद्यातल्या काही गोष्टी छोट्या बचतदाराच्या फार कामाच्या. विक्री-करार रजिस्टर झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ३० लाखांच्या फ्लॅटला ३ लाख. "ऑफर रविवारपर्यंतच आहे, सात लाख भरा, ॲग्रीमेंट नंतर करू," असं कोणी म्हटलं की तुम्ही शांतपणे उठा. खरेदीदारांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के बिल्डरने वेगळ्या बँक खात्यात ठेवायचे असतात आणि ते त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर-बांधकामावर खर्च करायचे असतात. ताबा वेळेत दिला नाही तर व्याजासकट पैसे परत मागता येतात, किंवा फ्लॅट हवाच असेल तर उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची जबाबदारी बिल्डरची. पण हे सगळं चेकने दिलेल्या पैशापुरतं. काही रक्कम "वरून" रोख दिली असेल तर ती कुठल्याही न्यायालयात तुमची नाही. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यालाही मान्य नाही.

आणि भाव नेहमी कार्पेटवर विचारा. आतल्या भिंती धरून, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची सोडून जी वापरायची जागा उरते, ती कार्पेट. आपल्याकडे अजून "बाराशे फूट" म्हणतात तेव्हा त्यात जिना, लॉबी, लिफ्टचा खड्डा (आमच्याकडे तर खड्डाच) सगळं असतं. ३० लाख भागिले १२०० म्हणजे अडीच हजाराचा भाव. प्रत्यक्षात कार्पेट ८४० निघालं तर भाव झाला ३ हजार ५७१. घरातला मोजपट्टा घेऊन जा. लाज कसली, साडी घेताना आपण मापून घेतोच की.

आता मी सुरुवातीला म्हटलं त्या सामाईक हिश्श्याकडे येते.

पुणे-मुंबईच्या नातेवाइकांमुळे आपण सगळेच "सोसायटी" म्हणतो. तिकडे सहकारी गृहनिर्माण संस्था असते, जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर होते, आपण सभासद. तिकडे घेणार असाल तर "कन्व्हेयन्स झालं का?" हा प्रश्न विसरू नका, कारण इमारत जुनी होऊनही जमीन बिल्डरच्याच नावावर राहिलेली उदाहरणं तिकडे खूप आहेत. आपल्याकडे वेगळा कायदा आहे: मध्य प्रदेश प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम, २०००. प्रकोष्ठ म्हणजे फ्लॅट. या पद्धतीत फ्लॅट तुमच्या स्वतःच्या मालकीचा, आणि जमीन, जिना, गच्ची, टाकी, अंगण यांत तुमचा अविभाजित हिस्सा. अविभाजित म्हणजे वाटणी करून तोडून देता येणार नाही असा. आपल्या वाड्यातल्या सामाईक विहिरीसारखा. रजिस्ट्रीच्या मसुद्यात हा हिस्सा किती टक्के, ते लिहिलेलं असायला हवं. नसेल तर विचारा, गच्ची कोणाची ठेवलीय? "गच्चीचे हक्क विकासकाकडे राहतील" असं एक वाक्य पंधराव्या पानावर असतं. तेच वाक्य पुढे चौथा मजला होऊन उभं राहतं.

हा हिस्सा किती खरा असतो, ते नोएडात सगळ्या देशाने बघितलं. तिथल्या सेक्टर ९३-ए मधल्या एमराल्ड कोर्ट या वसाहतीत मूळ नक्शात बाग दाखवलेली होती. नंतर त्याच जागी दोन उंच मनोरे उभे राहायला लागले. राहणाऱ्या लोकांच्या संघटनेने २०१२ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात धाव घेतली. २०१४ मध्ये निकाल लागला, मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि ३१ ऑगस्ट २०२१ ला मनोरे पाडण्याचा आदेश कायम झाला. दोन इमारतींमधलं सक्तीचं अंतर सोडलं नव्हतं, आणि आधीच्या फ्लॅटधारकांची संमती घेतली नव्हती, ही त्यातली मुख्य कारणं. २८ ऑगस्ट २०२२ ला ते मनोरे काही सेकंदांत खाली आले. टीव्हीवर सगळ्यांनी धूळ बघितली. मला त्यात दिसली ती दहा वर्षं वर्गणी काढून वकील लावणारी संघटना. आणि दुसरी बाजूही बघा: ज्यांनी त्या मनोऱ्यांत फ्लॅट बुक केले होते, त्यांना व्याजासकट पैसे परत करण्याचा आदेश झाला, पण त्यांची मधली वर्षं कोण परत देणार?

पार्किंगचंही तसंच. मुंबईतल्या दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० ला सांगितलं की इमारतीखालचं खांबांमधलं पार्किंग ही सामाईक जागा आहे, बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. तो निकाल महाराष्ट्राच्या कायद्याखालचा. रेरामध्ये उघडं पार्किंग सामाईक धरलं आहे. म्हणून "पार्किंगचे दीड लाख वेगळे" असं सांगितलं तर कोणतं पार्किंग, उघडं की बंद, करारात क्रमांक लिहिणार का, पावती कशाची देणार, हे विचारा. पावती द्यायला तयार नसेल तर उत्तर मिळालंच.

सामाईक वस्तूचा सामाईक खर्च असतो, आणि पेन्शनवरच्या माणसाने सगळ्यांत जास्त घाबरायचं ते याला. हप्ता कधीतरी संपतो. मेंटेनन्स संपत नाही. चौरस फुटाला दोन रुपये म्हणजे १२०० फुटांना महिन्याला २ हजार ४००. पेन्शन २४ हजार असेल तर दहावा हिस्सा गेला, आणि ही सुरुवात आहे. स्विमिंग पूल, जिम, क्लब हाउस बघून घर घेणाऱ्या साठीच्या काकांना मी विचारते, पोहता का? पहिली एक-दोन वर्षं मेंटेनन्स बिल्डर बघतो तेव्हा सगळं चकाचक असतं. नंतर संघटनेकडे येतं, तेव्हा बोअरचा पंप जळतो, गच्ची गळते, आणि गंगाजळीत काही नसतं. म्हणून जुना फ्लॅट घेताना संघटनेची गेल्या दोन-तीन वर्षांची हिशेबवही मागा. थकबाकी कोणाची किती, शिल्लक किती, मोठं काम काय येणार आहे. वही दाखवत नसतील तर समजा की वही नाही.

आमच्या इमारतीत १२ घरं. संघटना रजिस्टर व्हायलाच इतकी वर्षं गेली, ती या वर्षी झाली. लिफ्टसाठी दरमहा वर्गणी ठरली. पहिल्या मजल्यावरचे म्हणाले, आम्हाला लिफ्ट कशाला? चौथ्या मजल्यावरचे म्हणाले, आमचाच मजला बेकायदा म्हणता, मग वर्गणी कशी मागता? दोघांचंही म्हणणं तसं चुकीचं नाही. बाबा वहीत नावं लिहून बसलेत, फॅक्टरीत हजेरी लिहायचे तसे. आत्तापर्यंत सात जणांनी दिलेत.

भूकंपाचं बोलायचं की नाही, विचार करत होते. पण जबलपूरला राहून न बोलणं बरं नाही. २२ मे १९९७ ची पहाट इथल्या पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाला आठवत असेल. मी लहान होते, आम्ही उन्हाळ्यामुळे गच्चीवर झोपलो होतो आणि आईने मला गोधडीसकट उचललं, एवढंच आठवतं. भूकंपाच्या नकाशात जबलपूर झोन ३ मध्ये गणलं गेलं आहे. २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपात अहमदाबाद केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटर दूर होतं, तरी तिथे खाली नुसते खांब आणि वर मजले अशा बऱ्याच इमारती पडल्या. आपल्याकडे आता पार्किंगसाठी सगळ्या इमारती अशाच खांबांवर आहेत. तशी इमारत मजबूत बांधता येते, पण त्यासाठी इंजिनिअरने ते गणित केलेलं असावं लागतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र मागा. आणि मंजुरीपेक्षा जादा मजला म्हणजे नुसती कागदाची भानगड नाही, खालच्या खांबांवर न मोजलेलं वजन आहे. बाबांना हे मी अजून असं सरळ सांगितलेलं नाही.

घराचा विमा घ्या. "भारत गृह रक्षा" ही ठराविक अटींची पॉलिसी २०२१ पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांना द्यावी लागते, त्यात आग, पूर, भूकंप येतात. कर्जाबरोबर बँक जो विमा सुचवते तो पुष्कळदा कर्जदाराच्या जिवाचा असतो. दोन्ही वेगळे, सही करण्याआधी कोणता ते विचारा.

माझं स्वतःचं मत विचाराल, तर पहिलं घर घेणाऱ्या छोट्या बचतदाराने बांधून पूर्ण झालेलं, कम्प्लीशन मिळालेलं, निम्मी तरी माणसं राहायला आलेलं घर बघावं. थोडं महाग पडेल, पण भाडं आणि कर्जाचं व्याज असे दोन्ही खर्च एकदम चालत नाहीत, जीएसटी वाचतो, आणि जिन्यात कोणालाही गाठून विचारता येतं. एकदा मे महिन्यात दुपारी जा, पाण्याचं विचारा. एकदा पावसात जा, भिंतींचे कोपरे बघा. संध्याकाळी सातला जा, पार्किंग बघा. जुना घेत असाल तर मूळ कागदांची साखळी, विक्रेत्याचं कर्ज असल्यास ते फिटल्याचं पत्र, नगर निगमच्या मालमत्ता कराची पावती, विजेचं शेवटचं बिल आणि संघटनेचं बाकी नसल्याचं पत्र. रजिस्ट्रीनंतर नगर निगममध्ये नामांतरण करायला विसरू नका, ते आपोआप होत नाही.

वेळ होत आला. चहा आलाय. ज्यांनी फ्लॅट बघून ठेवलाय त्यांनी कागद घेऊन माझ्याकडे या, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीननंतर गर्दी कमी असते. कर्ज आमच्याकडून घ्यायचं नसेल तरी या. फक्त टोकन देण्याआधी या. दिल्यावर आलात तर मी चहा देईन, पण माझ्या हातात फारसं काही नसेल.